आश्रिताचा रकाना

कंडक्टर दिवसातून एकदा तरी बाळंत व्हायचा. कधी कधी दोनदा. सकाळी नऊच्या ठोक्याला तो तीन नंबरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि खड्या आवाजात सांगायचा, "मी सात महिन्यांची गरोदर आहे. माझा नवरा गेल्या हिवाळ्यापासून बेपत्ता आहे." साडेदहाला तो एकाहत्तर वर्षांचा न्हावी व्हायचा, बाराला नववीतली मुलगी, आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत एकदा तरी विधवा होऊन यायचा. मग डबा उघडून निवांत जेवायचा.

यात वेडेपणा काही नव्हता, ती नोकरी होती. लढाईतून पळून आलेल्या माणसांची नावं लिहून घ्यायला, त्यांना आसरा द्यायला आणि जमलं तर दुसऱ्या एखाद्या देशात त्यांची सोय लावायला मदत संस्थेनं त्या शहरात कचेरी उघडली होती आणि कंडक्टर तिथं दुभाषी होता. नियम असा, की समोरचं माणूस जे बोलेल ते मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या भाषेत तसंच्या तसं सांगायचं. "ही म्हणतेय की" नाही, "यांचं म्हणणं असं पडलं" नाही. बाई "मी" म्हणाली की दुभाष्यानंही "मी"च म्हणायचं, आणि बाई "आले, गेले" म्हणाली की आपली मिशी विसरून "आले, गेले" म्हणायचं. नव्यानं आलेले साहेब पहिल्या दिवशी चहा नाकात जाऊन ठसकायचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कंडक्टर दिसेनासा व्हायचा, फक्त बाई दिसायची. स्वतःचं कौतुक सांगायची वेळ आली तर कंडक्टर हीच गोष्ट सांगायचा.

कचेरी होती फरशांच्या एका जुन्या गोदामात. आत प्लायवूडचे आडोसे ठोकून सहा खोल्या पाडल्या होत्या, पण प्लायवूड छताला दोन हात कमी पडलं होतं. त्यामुळे एका खोलीतली कहाणी दुसऱ्या खोलीत आणि तिथून बाहेरच्या बाकापर्यंत बिनबोभाट पोचायची. संस्थेला गुप्ततेची फार काळजी. म्हणून बाकाजवळ एक रेडिओ ठेवला होता आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोकलत असायचा. कचेरीचं सगळं गुपित त्या रेडिओच्या भरवशावर होतं.

कंडक्टर हे नाव त्याला कुणी गमतीनं दिलेलं नव्हतं, तो खरोखरच कंडक्टर होता. लढाई सुरू व्हायच्या आधी बारा वर्षं तो सीमेजवळच्या घाटातल्या बसवर होता. दोन्ही बाजूंची, शिवाय लांबलांबून आलेली माणसं त्या बसनं जायची. "पायरीवर उभं राहू नका" हे वाक्य त्याला पाच भाषांत येत होतं आणि त्या एका वाक्याचं बोट धरून तो बाकीच्या भाषा शिकला होता. बस गेली, सवयी राहिल्या. पेन कानावर. उभा राहिला की पाय फाकवून, जसं काही गोदामच वळणावर कलणार आहे. एकाचं बोलणं सांगून झालं की टेबलावर बोटानं टक टक, म्हणजे मॅडमनी आता पुढच्या प्रश्नाला निघायला हरकत नाही.

एकच गोष्ट त्याच्या जुन्या धंद्याला शोभत नव्हती. दारात रांग तुंबली की वॉचमन हाक मारायचा, "कंडक्टर, यांना यांच्या भाषेत जरा पुढे सरका म्हणून सांगा हो." कंडक्टर जायचा आणि सांगायचा, "सावकाश या, मागे भरपूर जागा आहे." मागे जागा असो की नसो. "पुढे सरका" हे दोन शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. वॉचमन चिडवायचा की हा असला कसला कंडक्टर. त्यात भर म्हणजे कंडक्टर कचेरीत बसनं येत नसे, पाऊण तास चालत यायचा. चिडवलं की हसायचा आणि पाणी प्यायला निघून जायचा.

घर म्हणजे बंद पडलेल्या छापखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या. तिथं तो, त्याची बायको आणि सासूबाई राहत. बायको लाँड्रीत इस्त्रीला जायची. सासूबाईंनी नवरा गेल्यावर तीस वर्षं एकटीनं पिठाची गिरणी चालवली होती. गिरणीच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय लागली ती लागलीच. आता गिरणी नव्हती, आवाज मात्र होता तसाच होता, आणि तो झेलायला घरात एकच गिऱ्हाईक होतं.

"जावईबापू, दारात चपला अशा काढतात का? एक पूर्वेला, एक पश्चिमेला. त्यांचंही आपसात बिनसलंय वाटतं."

"आई, त्या चपला तुमच्या आहेत."

"मग तुमच्या शेजारी राहून बिघडल्यात."

असं रोज. चपलांवरून, चहावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून, आणि भांडायला काहीच नसलं तर कंडक्टर इतका गप्प का बसलाय यावरून. शेजारच्या खोलीतली माणसं सुरुवातीला सोडवायला यायची. नंतर त्यांनी भांडणाच्या आवाजावर घड्याळ लावायला सुरुवात केली.

बायको या दोघांच्या मधे पडत नसे. रात्रीची भांडी विसळता विसळता ती नवऱ्याला विचारायची, "आज कोण कोण झालात?" नावगाव सांगायची बंदी होती, म्हणून तो मोघम सांगायचा. "दोन विधवा, एक शिंपी, एक शाळेतली पोर."

"आणि तुम्ही?"

"मी होय? माझी पाळीच नाही आली."

तिसऱ्या वर्षी पत्र आलं. लांबच्या एका थंड देशानं नवराबायकोला कायमचं राहायला घ्यायचं कबूल केलं होतं. पत्र दोनदा वाचलं, उलटंपालटं करून पाहिलं, पण त्यात सासूबाईंचं नाव नव्हतं. त्या देशाच्या हिशेबी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लेकरं. लग्न झालेल्या लेकीची आई म्हणजे वेगळं घर. ती लेकी-जावयाची आश्रित आहे असं ठरलं तरच तिला बरोबर नेता येणार होतं. ते ठरवायला पुढच्या गुरुवारी कचेरीत मुलाखत. नाही ठरलं तर दोघांनी जायचं आणि सासूबाईंनी इथं एकटीनं राहायचं. त्यांची फाइल निराळी, रांग निराळी, आणि ती रांग कुठल्या देशात नि कुठल्या साली निघेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

बायको म्हणाली, "आईला सोडून मी जाणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "जाशील. नाही गेलीस तर कान धरून विमानात बसवीन."  अशा ताटातुटी कंडक्टरनं तीन नंबरच्या खोलीत स्वतःच्या तोंडानं सांगितल्या होत्या, "मी माझ्या आईला मागे ठेवून आले" हे वाक्य तर इतक्यांदा, की ते त्याला झोपेतही बिनचूक म्हणता आलं असतं. आता ते आपल्याच घरात राहायला येतंय की काय, या भीतीनं त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

नात्यातल्या माणसाच्या मुलाखतीत दुभाष्यानं बसायचं नसतं. त्यामुळे गुरुवारी त्याच्या जागी मास्तरीणबाई बसणार होत्या. या बाई पूर्वी शाळेत व्याकरण शिकवायच्या आणि दुभाष्याचं काम त्यांना कंडक्टरनंच शिकवलं होतं. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही, हा त्याचा पहिला धडा. मास्तरीणबाई एकदा शिकलेला धडा विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि आठवडाभर कंडक्टरला याच गोष्टीचा घोर लागला होता.

घरी बायकोनं तालीम सुरू केली. उमेदवाराला पढवणं दुभाष्याच्या धर्मात बसत नाही, म्हणून कंडक्टर तेवढा वेळ जिन्यात जाऊन कानात बोटं घालून बसायचा. पण गिरणीवाल्या आवाजापुढे बोटांची काय बिशाद. बायको हातात फणी पेनसारखी धरून मॅडम व्हायची.

"तुम्ही जावयाच्या आश्रित आहात का?"

"कोण आश्रित?"

"आई, फक्त हो म्हणायचं. एकच अक्षर आहे."

"तीस वर्षं अख्ख्या गावाला पीठ मी दिलं. आणि आता जावयाच्या दारात तुकडे मोडते म्हणून लिहून देऊ?"

"तुकडे मोडते असं कुठं लिहिलंय? आश्रित लिहिलंय."

"शब्दाला इस्त्री केली म्हणून अर्थ बदलतो का गं?"

सात दिवस तालीम चालली. सात दिवसांत सासूबाई एकदाही हो म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी नेमकी वीज गेली आणि रेडिओ मुका झाला. सासूबाई तीन नंबरात गेल्या, दार लागलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या नवराबायकोला आतला शब्द न् शब्द ऐकू यायला लागला. प्रश्न विचारत होत्या फाइलवाल्या मॅडम. त्या कमी बोलायच्या आणि जास्त लिहायच्या.

"तुमचा स्वयंपाक कोण करतं?"

"मी."

"कपडे कोण धुतं?"

"माझे मी धुते. त्या दोघांचेही मीच धुते. लेक दिवसभर दुनियेचे कपडे करते, घरी आली की तिचे हात उचलत नाहीत."

"आजारपणात कोण बघतं?"

"मला काय धाड भरलीय?"

मास्तरीणबाईंनी "मला काय धाड भरलीय" हे मॅडमच्या भाषेत जितकं फणकाऱ्यानं म्हणता येईल तितकं म्हटलं. बाकावर कंडक्टरनं डोळे मिटले. आपण इतकं चांगलं शिकवायला नको होतं असं त्याला मनापासून वाटलं.

"म्हणजे तुम्ही लेकीवर आणि जावयावर अवलंबून नाही?"

 बाकावर बायकोनं कंडक्टरचं मनगट घट्ट धरलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी कुणाच्या जिवावर जगत नाही."

मास्तरीणबाईंनी तेही जसंच्या तसं सांगितलं. मग टेबलावर टक टक असा आवाज आला. तेवढी सवयही त्यांनी कंडक्टरचीच उचलली होती.

सासूबाई ताठ मानेनं बाहेर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. "विचारलं ते खरं सांगितलं," म्हणाल्या.  त्यांनी पिशवीची कडी लावली, उघडली, पुन्हा लावली. कडी त्यांच्या हातात नीट बसत नव्हती. म्हातारी घाबरलीय हे कंडक्टरच्या तेव्हा लक्षात आलं. तीन वर्षांत ती घाबरलेली त्यानं पाहिली नव्हती.

मग त्याला आत बोलावलं. मॅडमची भाषा त्याला येत होती, पण नियम म्हणजे नियम. ज्याची फाइल त्यानं आपल्या भाषेत बोलायचं, सांगायचं काम दुभाष्याचं. तो पहिल्यांदाच टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीचा एक पाय तोकडा होता. इतकी माणसं या डुगडुगत्या खुर्चीवर बसून बोलून गेली आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्याला वाईट वाटलं.

"तुमच्या सासूबाई तुमच्या आश्रित नाहीत असं त्या म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मी," कंडक्टर म्हणाला आणि अडकला. तीन वर्षं हा शब्द त्यानं लोकांना वापरायला दिला होता. आता स्वतःच्या कामाला काढला तर तो घशातून वर येईना. मास्तरीणबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"त्या खरं बोलल्या," तो म्हणाला. "त्या माझ्या आश्रित नाहीत. मी त्यांचा आश्रित आहे."

मॅडमचं पेन थांबलं. "म्हणजे कसे?"

"शेवटच्या आठवड्यात बस घेऊन निघालो तेव्हा गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मागच्या दारात वीसेक माणसं लोंबकळत होती. मी ओरडलो, पुढे सरका. बारा वर्षं ओरडत होतो तसाच. सगळे सरकले. एक बाई तेवढी सरकली नाही. म्हणाली, पुढे वारा लागतो, मी नाही सरकणार. लेकीचाही हात धरून ठेवला. मी तिच्यावर सगळ्यांदेखत डाफरलो. ती माझी सासू. मग तोफेचा गोळा आला आणि गाडीच्या पुढच्या भागावर पडला."

मास्तरीणबाई सांगू लागल्या. "मी ओरडलो, पुढे सरका," असं त्या पुरुषासारखंच म्हणाल्या, शिकवल्याप्रमाणे. पण "पुढच्या भागावर" यापाशी त्यांचा आवाज थांबला. कधी न थांबणाऱ्या मास्तरीणबाई थांबल्या आणि मग त्यांनी वाक्य पुरं केलं. आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून "मी, मी" अशी ऐकताना कंडक्टरला वाटलं, या माणसाचं फार वाईट झालं. इतकी वर्षं त्या माणसाची कीव करायची त्याला सवडच झाली नव्हती.

"त्यानंतर माझी वाचा बसली," तो म्हणाला. "एकेचाळीस दिवस. बायकोनं हात जोडले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सासूबाई भांडायला लागल्या. सकाळी डोळे उघडल्यापासून. मी बसतो कसा, खोकतो कसा, गप्प का राहतो. एकेचाळिसाव्या दिवशी त्यांनी डाळ वाढली, मी एक घास घेतला आणि म्हणालो, मीठ जास्त झालंय. तेव्हापासून बोलतोय. ही नोकरी मला त्या डाळीमुळे मिळालीय, मॅडम. अजूनही इथलं ऐकून घरी जाताना एखाद्या दिवशी घसा बंद होतो. मग दारात त्या चपलांवरून काहीतरी काढतात आणि मला उत्तर द्यावंच लागतं. त्या इथं राहिल्या तर तिकडे जाऊन मी किती दिवस बोलता राहीन, मला माहीत नाही. मला भीती वाटते."

दार धाडकन उघडलं. दारात सासूबाई.

"जावईबापू खोटं सांगतायत," त्या म्हणाल्या.

 बायको मागून त्यांची बाही ओढत होती.

"एकेचाळीस नव्हे. त्रेचाळीस दिवस. मी मोजलेत. आणि मीठ जास्त झालं नव्हतं, मी घातलं होतं. चार चमचे. महिनाभर पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळत होते, दुसरं काय करणार?"

मास्तरीणबाईंनी चार चमच्यांसकट सगळं सांगितलं. कंडक्टर सासूकडे बघत राहिला. त्रेचाळीस दिवस ही बाई मनात एकेक दिवस मोजत भांडत होती, हे त्याला आज कळलं आणि त्याचे डोळे भरून आले. सासूबाईंनी ते पाहिलं आणि लगेच नाराज झाल्या.

"आता रडायला काय झालं? नाक पुसा आधी."

मॅडमनी फॉर्म जवळ ओढला, चष्मा वर केला आणि आश्रिताचा रकाना पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "आश्रितानं आणि ज्याच्यावर तो अवलंबून आहे त्यानं एकत्र जावं, असं इथं लिहिलंय. दोघांतलं म्हातारं कोण असावं, याबद्दल काही लिहिलेलं नाही." पहिल्या ओळीतलं कंडक्टरचं नाव त्यांनी खोडलं आणि तिथं सासूबाईंचं लिहिलं. कुटुंबप्रमुख. खाली रकान्यात दोन नावं आली. आश्रित: लेक, जावई.

वरच्या कचेरीतून दोनदा फोन आला की लिहिताना नावं उलटी पडली आहेत का. मॅडमनी दोन्ही वेळा सांगितलं की नावं सुलटी आहेत. सहाव्या आठवड्यात मंजुरी आली, तिघांची.

त्यानंतर घरात राहणं मुश्कील झालं. सासूबाई फाइल पिशवीत घालून पिशवी उशाला घेऊन झोपायच्या. "आश्रितांनी दिवे बंद करावेत." "आश्रितांनी आज चहा आपला आपण करून घ्यावा." शेजाऱ्यांना तर त्यांनी तो कागद इतक्यांदा दाखवला की त्यांचाही पाठ झाला. कंडक्टर म्हणायचा, "आई, कुटुंबप्रमुखांनी आपल्या चपला सरळ काढाव्यात." आणि मग दोघांचं तासभर निवांत चालायचं.

निघायच्या दिवशी सकाळी विमानतळावर न्यायला कचेरीच्या दारात बस आली. विमानतळ काही पाऊण तासाच्या चालीवर नव्हता. मास्तरीणबाई आणि वॉचमन पोचवायला उभे होते. पहिल्या चढल्या सासूबाई. आत शिरल्या आणि वाटेतच थांबून ड्रायव्हरशी हुज्जत घालायला लागल्या, की कुटुंबप्रमुखाला खिडकी मिळते की नाही आणि हे कुठं लिहिलंय. त्यांच्या मागे लेक, लेकीच्या मागे पायरीवर कंडक्टर, एक हात दांडीवर, अंगाला घाम. त्याच्या मागे बोचकी घेतलेली दोन कुटुंबं आणि एका बाईच्या कडेवर रडणारं पोर.

"कंडक्टर," वॉचमन खालून म्हणाला, "रांग तुंबली की हो."

कंडक्टरचा हात आपोआप उठला आणि बसच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या.  

"आई," तो म्हणाला, "पुढे सरका."

सासूबाईंनी वळून पाहिलं.  आजवर जावयाचं एक वाक्य त्यांनी बिनउत्तराचं जाऊ दिलं नव्हतं, आणि या वाक्याला तर त्यांनी एकदा चारचौघांत नाही म्हटलं होतं. त्यांनी कंडक्टरच्या तोंडाकडे नीट पाहिलं, पिशवी छातीशी धरली आणि काही न बोलता चालत जाऊन ड्रायव्हरच्या अगदी मागच्या, सगळ्यात पुढच्या सीटवर बसल्या.